वणव्यातील वावटळ

मूलहून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता सावलीवरून जातो. पावसाळ्यात या रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. चैत्र-वैशाखात त्याच बांध्या भेगाळून पडतात, आणि त्यांच्या पलीकडे दिसणारे जंगल पानगळीने उघडे होते. अशा दिवसांत दुपारी एक-दोनच्या सुमारास रिकाम्या शेतात धुळीचा एक उभा खांब उठतो, पालापाचोळा उडवीत शे-दोनशे पावले भटकतो आणि कुठल्या तरी कुंपणाशी विरून जातो. वावटळीत भूत नाचते असे लहानपणी सांगितले जाई. आता मुलेही त्याकडे मान वर करून पाहत नाहीत. ही वावटळ सर्वांच्या परिचयाची आहे. तीच वावटळ वणव्याजवळ उठली किंवा वणव्यातूनच जन्मली, तर काय होते, ते मात्र फार थोड्यांना माहीत असते. ज्यांना ते माहीत असते, ते बहुधा वणवा विझविणारे हंगामी मजूर असतात, आणि त्यांचे सांगणे कागदावर क्वचितच उतरते.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका वृत्तांताच्या निमित्ताने सावली तालुक्यातील एका गावाच्या शिवेवर जाण्याचा प्रसंग आला. आदल्या रात्री लागलेली आग पहाटे विझविण्यात आली होती. कोळपलेल्या जमिनीवर राखेचा पातळ थर होता, मधूनच एखादे खोड धुमसत होते आणि फायर वॉचर म्हणून नेमलेले गावातील तीन गडी झाडाच्या बुंध्याशी शिदोरी सोडून बसले होते. सूर्य माथ्यावरून थोडा कलला असेल, तोच त्या काळ्या जमिनीवर दीड पुरुष उंचीची राखेची वावटळ उभी राहिली. ती एका धुमसत्या खोडावरून गेली आणि तिच्या पोटात ठिणग्या लुकलुकू लागल्या. पायवाट ओलांडून ती पलीकडच्या सागाच्या वाळल्या पाल्यात शिरली आणि तेथेच मोडली. पाच-सहा ठिकाणी एकदम धूर निघाला. तिघेही जेवण टाकून हिरव्या डहाळ्या घेऊन धावले व त्यांनी ती आग काही मिनिटांत झोडपून काढली. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. त्याला हा निव्वळ योगायोग वाटला. त्यांच्यातील वयस्क गड्याने मात्र शांतपणे सांगितले की, असे दर उन्हाळ्यात होते आणि म्हणूनच आग विझली तरी माणसे घरी जात नाहीत. पुढे या विषयावर जे वाचनात आले, त्याने त्याच्या म्हणण्याला अक्षरशः दुजोरा मिळाला.

वावटळ का उठते?

वावटळीसाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे वर जाणारी गरम हवा आणि दुसरी म्हणजे त्या हवेला मिळालेला थोडासा पीळ. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. आणि हे तापमान सावलीतील हवेचे असते. उघडी जमीन त्याहून पुष्कळ अधिक तापते. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते व वर उसळते. तिची जागा घेण्यास चहूबाजूंनी हवा धावते. ही धावणारी हवा अगदी सरळ रेषेत मध्यावर आली, तर नुसताच ऊर्ध्व प्रवाह तयार होईल. पण ती तशी क्वचितच येते. एखादे टेकाड, झाडांची रांग किंवा जंगल व शेत यांची सीमा तिला किंचित वळण देते. आणि एकदा वळण मिळाले की मध्याकडे जाता जाता ते वाढतच जाते.

हे का वाढते, ते शाळेत सहज दाखविता येईल. बांबूची एक पोकळ नळी घ्यावी. तिच्यातून दोरी ओवून वरच्या टोकास लाकडी मणी घट्ट बांधावा आणि नळी हातात उभी धरून तो गोल फिरवावा. आता दोरीचे खालचे टोक हळूहळू ओढावे. मणी नळीजवळ येऊ लागतो तसा त्याचा वेग वाढत असल्याचे मुलांना स्पष्ट दिसते. फिरणाऱ्या वस्तूचे मध्यापासूनचे अंतर जितक्या पटीने घटते, तितक्या पटीने तिचा वेग वाढतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. मध्यापासून तीस मीटरवर हवा सेकंदाला अवघा एक मीटर इतक्या मंद गतीने वळत असेल, तर तीन मीटरवर येईपर्यंत तिचा वेग सेकंदाला दहा मीटर, म्हणजे तासाला ३६ किलोमीटर होऊ शकतो. जमिनीच्या घर्षणाने त्यातील काही वेग खर्ची पडतो हे खरे. तरीही वाळले पान आणि जळते पान, दोन्ही उचलण्यास एवढा वेग पुरेसा होतो.

आगीला पीळ पडतो तो असा

साध्या वावटळीत हवा तापविण्याचे काम सूर्य करतो. वणव्यात ते काम आग करते, आणि सूर्यापेक्षा कितीतरी अधिक जोमाने करते. आगीवरून उसळणारी हवा भोवतालची हवा ओढून घेते. त्या हवेत पीळ असेल, तर ज्वाळा सरळ न राहता दोरखंडासारखी वळत उंच होते. हीच आगीची वावटळ होय. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एमन्स आणि त्यांचे सहकारी यिंग यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातील पायाभूत प्रयोग मानला जातो. त्यांनी एका लहान थाळीत इंधन पेटविले आणि तिच्याभोवती तारेच्या जाळीचे गोल पिंप ठेवले. जाळी स्थिर असताना ज्वाळा नेहमीसारखी होती. जाळी फिरवू लागताच ती ज्वाळा बारीक व कित्येक पट उंच झाली आणि इंधनही अधिक भराभर जळू लागले. (बांबूच्या नळीचा प्रयोग शाळेत जरूर करावा, हा मात्र मुळीच करू नये.)

यातील दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. फिरत्या ज्वाळेत तळाशी हवा जोराने आत घुसते, ज्वाळा इंधनाला चिकटून राहते आणि म्हणून तेच इंधन अधिक वेगाने जळते. अधिक जळाले की अधिक उष्णता, अधिक उष्णतेने अधिक ओढ, आणि अधिक ओढीने अधिक पीळ, असे हे चक्र थोडा वेळ स्वतःलाच पोसत राहते. इंधन संपले किंवा वारा बदलला की ते मोडते.

आगीला मूळचा पीळ कोठून मिळतो, याची काही ठराविक ठिकाणे आहेत आणि वणवा विझविणाऱ्यांनी ती ओळखून ठेवावीत. टेकडीवरून वारा वाहत असेल, तर वाऱ्याच्या आडोशाची बाजू शांत वाटते. पण नदीत खडकामागे जसे पाणी गरगरते, तशी त्या बाजूला हवा गरगरत असते. आडोशाच्या या उतारावर आग पोहोचली की वावटळ उठण्याचा संभव सर्वांत जास्त. आगीची रेषा सरळ नसून काटकोनात वळलेली असेल, तर त्या कोपऱ्यात दोन बाजूंची ओढ एकत्र येते. दोन आगी एकमेकींकडे सरकत असतील, तर त्यांच्या मधल्या पट्ट्यातही तेच होते. म्हणूनच समोरून आग लावून वणवा थोपविण्याचा उपाय अनुभवी माणसाच्या देखरेखीवाचून करू नये. तो उपाय चांगलाच आहे, पण दोन आगी भेटतात तो क्षण फार अवघड असतो.

आणखी एक ठिकाण म्हणजे जळून गेलेली जमीन. राखेने काळी पडलेली जमीन ऊन अधिक शोषते, तिच्यावर सावली उरलेली नसते, आणि दुपारी ती शेजारच्या जंगलापेक्षा अधिक तापते. सावलीच्या शिवेवर पाहिलेली वावटळ या प्रकारची होती. तिच्यात ज्वाळा नव्हती, पण निखारे होते.

तोक्यो, रेडिंग आणि झाडीपट्टी

अशा वावटळी वीतभर रुंदीच्या असतात, तशाच दीडशे मीटरहून अधिक व्यासाच्याही असतात. इतिहासातील सर्वांत भीषण उदाहरण जंगलातील नव्हे, शहरातील आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना जपानमध्ये मोठा भूकंप झाला. दुपारच्या स्वयंपाकासाठी चुली पेटलेल्या होत्या. तोक्यो शहरात ठिकठिकाणी आगी लागल्या. होन्जो भागात सैन्याच्या जुन्या कापड-कोठाराची विस्तीर्ण मोकळी जागा होती. तेथे आग पोहोचणार नाही अशा समजुतीने हजारो कुटुंबे आपली गाठोडी, अंथरुणे व सामान घेऊन जमली. दुपारनंतर आगीची प्रचंड वावटळ त्या मैदानावर आली. सुमारे ३८ हजार माणसे त्या एका जागी मरण पावली. माणसांनी वाचविण्यासाठी आणलेले सामानच तेथे सरपण ठरले.

अलीकडचे उदाहरण कॅलिफोर्नियातील रेडिंग शहराजवळचे आहे. २६ जुलै २०१८ रोजी तेथील वणव्यात उठलेल्या वावटळीतील वाऱ्याचा वेग तासाला सुमारे २३० किलोमीटर असल्याचा अंदाज पाहणीनंतर करण्यात आला. विजेचे मनोरे तिने आडवे केले. अग्निशमन खात्याचा एक निरीक्षक आणि एक बुलडोझरचालक यांचे प्राण त्यात गेले. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ १८ जानेवारी २००३ च्या वणव्यातही खऱ्या चक्रीवातासारखी वावटळ नोंदली गेली आहे.

ही उदाहरणे वाचून आपल्याकडील वाचकाने घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलियातील वणव्यात उभी झाडे शेंड्यापासून पेटतात. चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल पानझडी आहे. साग, ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू व खाली बांबू अशी त्याची रचना. येथील वणवा बहुधा जमिनीवरचा पाचोळा व गवत जाळीत पुढे सरकतो. ज्वाळा गुडघ्या-कंबरेएवढी, फार तर माणसाच्या उंचीची. एवढ्या उष्णतेतून रेडिंगसारखी वावटळ जन्मत नाही. अपवाद करावा लागेल तो वाळलेल्या बांबूचा. बांबूला फुलोरा येऊन गेला की बेटेच्या बेटे उभ्या उभ्या मरतात, आणि अशा वाळल्या बेटांत आग शिरली म्हणजे तिची उंची व उष्णता दोन्ही पालटतात. तोडलेल्या बांबूच्या थप्प्या आणि गावाकाठची तणसाची गंजी यांचेही तसेच.

तेव्हा आपल्याकडील धोका आकाराचा नाही. तो अनपेक्षितपणाचा आहे.

जाळरेषेच्या अलीकडे

वनविभाग दर उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो. ठराविक रुंदीच्या पट्ट्यातील पालापाचोळा गोळा करून जाळून टाकतात, म्हणजे पुढे वणवा आला तरी खायला काही न मिळाल्याने तो तेथे थांबावा. जमिनीवरून सरपटणाऱ्या आगीसाठी ही युक्ती उत्तम आहे. वावटळ मात्र सरपटत नाही. सहा मीटरची जाळरेषा ती दोन क्षणांत ओलांडते आणि सागाची मोठी, द्रोणासारखी वळलेली जळती पाने पलीकडे नेऊन टाकते. एका ठिकाणी थोपविलेली आग त्यामुळे एकाच वेळी पाच ठिकाणी पेटते, आणि तीही विझविणाऱ्यांच्या पाठीमागे. वणव्याशी झुंजणारी माणसे नेहमी आगीकडे तोंड करून उभी असतात. पाठीमागे आग लागणे यासारखे संकट त्यांच्यापुढे दुसरे नाही.

वारा अकस्मात बदलल्याने काय होते, याची आठवण विदर्भात ताजी आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात वणवा विझवीत असता तीन हंगामी वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला व दोघे गंभीर जखमी झाले. आग दिवसभराच्या प्रयत्नांनी बरीचशी आटोक्यात आली होती. सायंकाळच्या सुमारास जोराचा वारा सुटला, ती पुन्हा भडकली, आणि डोंगराळ भागात ही माणसे आगीच्या वेढ्यात सापडली. ती घटना सोसाट्याच्या वाऱ्याची होती, वावटळीची नव्हे. पण शिकण्यासारखे त्यात जे आहे ते दोन्हींना सारखेच लागू पडते. आग आटोक्यात आल्यासारखी वाटते तेव्हाच माणूस सैल होतो, आणि हवेच्या एका वळणाला तेवढा वेळ पुरतो.

या कामावरच्या माणसांचा विचार केला पाहिजे. ती आसपासच्या गावांतीलच असतात. अलीकडे पाला उडविण्याची यंत्रे आली आहेत आणि त्यांनी काम पुष्कळ सोपे केले आहे. तरी अनेक ठिकाणी हिरवी डहाळी हेच हत्यार आहे. अंगात स्वस्त कृत्रिम धाग्याचा सदरा असतो, जो आगीत वितळून कातडीस चिकटतो. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात जाड जोडा आणि पाण्याची बाटली एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. यासाठी फार मोठ्या खर्चाची तरतूद लागत नाही.

दुपारी बारा ते चार हा काळ वावटळींचा. हवेतील आर्द्रता तेव्हा वीस टक्क्यांच्याही खाली गेलेली असते. शक्य असेल तेथे आगीशी समोरासमोर झुंज या वेळात टाळावी; रात्री व पहाटे हवा जड आणि स्थिर असते, तेव्हा थोड्या माणसांत अधिक काम होते. टोळीतील एकाने डहाळी न घेता नुसते पाहत राहावे, हे सांगितले की लोकांना हसू येते. पण वावटळ प्रथम दिसते ती त्यालाच. आग जळत असलेल्या ठिकाणी वारा एकदम पडला, धूर इकडेतिकडे भरकटू लागला, जमिनीवर राखेच्या लहान भिंगऱ्या फिरू लागल्या, तर टोळीला मागे घ्यावे. वावटळ दिसल्यास तिच्या पुढे पळू नये, तिच्या वाटेच्या आडव्या दिशेने बाजूला व्हावे. चढावर तर पळूच नये, कारण आग चढावर माणसापेक्षा वेगाने जाते. पूर्ण जळून थंड झालेली जागा, नांगरलेली बांधी, बोडीचा कोरडा तळ ही आसऱ्याची ठिकाणे आहेत. काम सुरू करण्यापूर्वीच ती प्रत्येकाला दाखवून ठेवावीत.

आग लागते कशी, आणि विझली केव्हा म्हणावे?

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. वणवे आपोआप लागत नाहीत. ते बहुतेक माणसाच्या हातून लागतात, आणि त्यामागे दुष्टाव्यापेक्षा पोटाचा प्रश्न अधिक असतो. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. भल्या पहाटे अंधारात, वाघाच्या मुलुखात, स्वच्छ जमीन दिसावी असे वाटणे समजण्यासारखे आहे. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून आग लावली जाते. पेरणीपूर्वी धुरे जाळतात आणि ती आग जंगलात शिरते. मोहाच्या झाडाखाली पाला झाडून गोळा केला व जुने लुगडे किंवा जाळी अंथरली, तर फुले स्वच्छ मिळतात आणि काडी ओढावी लागत नाही. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने याच्याही पुढे पाऊल टाकले. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या या गावाच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच सोडून दिले. झाडांची छाटणी आणि वणवे या दोन्ही गोष्टी त्या धंद्याबरोबर येतात, असे त्यांच्या अनुभवास आले होते. मिळणाऱ्या पैशावर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय आहे. प्रत्येक गावाला तो परवडेल असे नाही, आणि तशी सक्ती कोणी करूही नये.

जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे, हे सर्वश्रुत आहे. त्याच कायद्याचे ७९ वे कलम मात्र कमी परिचयाचे आहे. जंगलात हक्क असलेल्या वा तेथून वनोपज नेण्याची परवानगी असलेल्या व्यक्तींवर, तसेच जंगलाला लागून असलेल्या गावातील शासकीय सेवकांवर, वणव्याची खबर जवळच्या वन वा पोलीस अधिकाऱ्यास विनाविलंब देण्याची आणि तो विझविण्यास मदत करण्याची जबाबदारी या कलमाने टाकलेली आहे. ग्रामसेवक, तलाठी व शासकीय सेवेतील शिक्षक यांनी हे कलम एकदा वाचून पाहावे.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आता उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश थेट क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर येतात. ही सोय मोलाची आहे. तथापि त्या उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे ३७५ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन असतो, आणि उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो. मिनिटभर जगणारी वावटळ त्यात उमटत नाही. धुमसणारे एखादे खोडही उमटत नाही.

म्हणून विझलेल्या आगीचे काम खोडापाशी येऊन ठेपते. मोहाचे पोकळ खोड किंवा पडलेला ओंडका आतून दोन-तीन दिवस जळत राहतो; वरून राख दिसते, हात जवळ नेला तर धग लागते. त्यावर पाणी मिळाले तर पाणी, नाही तर कुदळीने खणून माती टाकावी लागते. जाळरेषेपासून पन्नासेक पावलांच्या आतील प्रत्येक खोड असे तपासावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, वावटळींच्या वेळी, तेथे पुन्हा माणूस असावा. सावलीच्या त्या शिवेवरील तिघे गडी दुसऱ्या दिवशीही आले होते. शिदोरी या खेपेस त्यांनी जळलेल्या जागेत न सोडता बांधावर सोडली, जेथून पायवाटेच्या दोन्ही बाजू दिसत होत्या.